रीडिंग

अकरा वर्षं मी मीटर वाचले.
कोयाइकेच्या चढउतारांवर, कुत्री चुकवत,
काचेआडची चकती फिरताना पाहायची,
आकडा लिहायचा, कागद दाराखालून सरकवायचा.
तीन महिने थकले की पक्कड घेऊन पुन्हा मीच.
तार कापताना आवाज होत नाही.
आतला रेडिओ गप्प होतो,
एवढंच.

आता विजेचे खांब संपतात तिथून पुढे चार तास, घोडीवर.
लेंगाच्या रानात, ओढ्याच्या वरच्या अंगाला
पत्र्याची एक खोली, बिडाची शेगडी,
दोन सौर पॅनेलं, मोडीत निघालेल्या ट्रकची बॅटरी
आणि एक वही.
पहिल्या पानावर ठळक अक्षरांत मी लिहिलं होतं :
यापुढे कुणाचं काही लागणार नाही.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे सहाच भरले.
सातव्या दिवशी ढग आले ते बसलेच,
पाहुण्यासारखे नाही, जागा न सोडणाऱ्या भाडेकरूसारखे.
बॅटरी उतरली.
ओलं सरपण पेटेना, नुसतं सूं सूं करत रडत राहिलं.
बियाण्याचे बटाटे उंदरांनी
माझ्याआधी मोजले.
रात्री सगळे कपडे अंगावर घालून पडले होते
तेव्हा एकदम हसू आलं :
कनेक्शन कापलं गेलं होतं
आणि पक्कड माझ्याच हातात.

दहाव्या दिवशी नोल्फा मान्सिया आली,
दरीपलीकडची. वय एकाहत्तर, गुडघा एकच धड.
दुधाच्या पत्र्याच्या डब्यात राखेखाली सात निखारे.
"तीन दिवस झाले, तुझा धूर दिसेना," म्हणाली.
म्हणजे मी आल्यापासून
ती रोज सकाळी माझं धुराडं वाचत होती.

कागद आहे का कोरडा, तिनं विचारलं.
सगळी वही ओलावली होती,
पुठ्ठ्याला चिकटलेलं पहिलं पान तेवढं शाबूत.
तेच दिलं.
छान पेटलं.

मग हात धरून मला रानात नेलं.
"आडवं पडलेलं उचलू नकोस, त्यात पाऊस मुरतो.
उभ्या उभ्या मेलेलं झाड बघ. ठोक. ऐक."
मी ठोकलं.
रिकाम्या घराच्या दारासारखा आवाज आला.
"हे तुझं."

जाताना फडक्याच्या गाठीत मीठ ठेवून गेली.
मी म्हटलं, स्वयंपूर्ण व्हायचंय मला.
तिला तो शब्दच कळेना.
"मीठसुद्धा?" तिनं विचारलं.
डोंगराआडच्या समुद्राकडे एकदा पाहिलं, एकदा माझ्याकडे.
"डिसेंबरात लोकर कापायला ये,
तेव्हा फिटेल."

दुसऱ्या पानावर आता असं आहे :
मीठ, एक गाठ. निखारे, सात.
देणं : दोन हात, डिसेंबर.

जून लागला. बर्फ गुडघाभर.
उठल्यावर मी बॅटरीचा काटा नंतर बघते,
आधी दरीपलीकडे.
निळा, सरळ धूर : ठीक.
काळा, रेंगाळता : लाकूड ओलं, नाहीतर गुडघा दुखतोय.
तारीख लिहिते, पुढे एक शब्द.
जुनी सवय, फक्त
कागद कुणाच्या दाराखालून सरकवायचा नसतो.

आज नऊ वाजून गेले.
पलीकडचं आभाळ कोरं आहे.
घोडीला खोगीर चढवलंय,
आणि डबा तोच.
मी निखारे मोजते आहे.