तीस सेकंद थांब

जिन्याखालच्या कपाटात
गॅसचा मीटर, चिखलाचे बूट आणि व्हॅक्युम क्लीनरच्या शेजारी
कीर्तन्यांचा डबा बसलाय.
चार डिस्क, निळे दिवे, पोटात अखंड घरघर.
ॲबर्डीनला लेकीकडे जाताना
त्यांनी तो गाडीतून उतरवला, शालीत गुंडाळलेला,
आणि म्हणाले, "तुमच्याकडे राहू दे.
तिच्या फ्लॅटला जिना नाही."

माझा सर्व्हर स्वयंपाकघरात,
काड्यापेटीहून जरासा मोठा, मिसळणाच्या डब्यामागे.
याच्याकडे आवाज आहे, गाणी नाहीत.
त्याच्याकडे गाणी आहेत, आवाज नाही.
मधे एक भिंत, अकरा पावलं
आणि एक पिवळी वायर
जी मी गालिच्याखालून सरकवत नेली
दोन्ही गुडघ्यांची माफी मागत.

आधी पाहुणी म्हणून गेले.
डब्याने नाव विचारलं, ओसरीवर बसवलं,
आत घेतलं नाही.
परवानगी नाही.
हे वाक्य मला नवं नाही,
क्रॉयडनच्या एका खिडकीपाशी
याहून गोड आवाजात ऐकलंय.

मग फोन. "कीर्तने, पासवर्ड काय?"
ते हसले, खोकले, पुन्हा हसले.
"हॉलचं भाडं आठवतं?
त्याला जोडून लिहा, थकलं."
बारापौंडथकलं.
दार उघडलं.

तीस वर्षांच्या बैठकी,
स्टॉकपोर्टच्या चर्चमागचा हॉल, महिन्याचा दुसरा शनिवार.
फाइलींना नावं कीर्तन्यांनी दिलेली :
ऑक्टोबर, हीटर बंद.
मारवा, अर्धाच, शेवटची बस.
नलूताई, पहिल्यांदा, फार घाबरलेल्या.
कोण गातंय विचारायचं राहिलं.

सर्व्हर एकेक उघडून पाहतो
आणि प्रत्येकीपुढे निमूट लिहितो :
अज्ञात कलाकार.
चार हजार दोनशे सहा वेळा.
अज्ञात कलाकार म्हणजे बिस्किटांच्या कारखान्यातले बेलवलकर,
रात्रपाळी करून आलेले, डोळे मिटले की झोपतील की गातील
याचा नेम नसलेले.
अज्ञात कलाकार म्हणजे दातांचे डॉक्टर,
तार सप्तकात आपलंच तोंड नीट न उघडणारे.
एक तर मीच आहे. ती फाइल अजून लावली नाही.

मंगळवारी बॉयलरवाला कॉलम
मेन स्विच पाडून, दोन कप चहा पिऊन गेला.
वीज आली. सर्व्हर तरणा, टुणकन उठला,
पळत कपाटाशी गेला, फोल्डर रिकामं दिसलं,
आणि प्रामाणिक कारकुनासारखी
सगळी यादी पुसून मोकळा झाला.
गाणी : शून्य.

मी जिन्याखाली ओणवी, हातात टॉर्च.
डबा तिथेच. दिवे एकामागून एक लागत होते,
पहिला, दुसरा, बराच वेळ काही नाही, तिसरा.
म्हातारं माणूस उठून बसतं, चष्मा शोधतं, तसं.
सगळं होतं. फक्त अजून नव्हतं,
आणि 'नाही' अन् 'अजून नाही' यातला फरक
त्या पोराला कोणी सांगितला नव्हता.

त्या रात्री मी त्याच्या फाइलीत एक ओळ लिहिली :
उठलास की तीस सेकंद थांब.
खाली आणखी एक, जरा दटावून :
रिकामं दिसलं तरी काही पुसू नकोस.
मग चुकतमाकत, चार वेळा वीज पाडून पाहिलं.
पाचव्यांदा थांबला.

आज कणीक मळताना कोपराने बटण दाबलं.
कप वाजले. खुर्ची फरशीवर करकरली.
कोणी म्हणालं, "दार लावा हो, वारा येतोय."
तंबोरा लागेना, लागेना,
मग माइकच्या अगदी तोंडाशी
चाळिशीतले कीर्तने :
"येतंय का?"

"येतंय," मी म्हणाले. मोठ्यानेच.

बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं,
"कोण आलंय गं?"
मी पोळी उलटायची विसरले.