निळा ठोकळा

आडगावच्या गोठ्यात काका म्हशीला सुई टोचायचे.
रेडकू मेलेलं, तरी पान्हा सुटायचा.
बादलीत धार वाजायची
आणि म्हैस भलतीकडेच बघत राहायची.

त्या बाटलीवरचं नाव मला पुन्हा भेटलं
गंगापूर रोडला, कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथं मी उंदरांची पेटी पुसते
आणि सेकंद मोजते.

पेटीला तीन खण.
डावीकडे जाळीत नर. उजवीकडे ठोकळा,
प्लास्टिकचा, पोरांच्या खेळातला, निळा.
मधे सोडायची माजावर आलेली मादी.
ती नराकडेच जाते. मिशा थरथरतात,
नाक जाळीत खुपसते.
ठोकळ्याला एकदा हुंगून सोडते,
पाहुण्यांच्या चपलेला हुंगावं तसं.

गांगुर्डे सरांनी काही माद्यांच्या कपाळामागच्या
थोड्याशा पेशी गप्प केल्या,
ऑक्सिटोसिनची हाक ज्यांना ऐकू जाते तेवढ्याच.
बाकी सगळं शाबूत. खाते, पळते, अंग चाटते,
दुसऱ्या मादीशी नाकाला नाकही लावते.
फक्त नर आणि ठोकळा तिला सारखेच.
नरापाशी एकसष्ट सेकंद, ठोकळ्यापाशी साठ.
पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं.

अण्णा नोटप्रेसमधून रिटायर झाले.
लकवा येऊन गेल्याला दीड वर्ष झालं.
जेल रोडच्या घरात खिडकीशी बसतात,
रद्दीचे कागद अंगठ्यानं फर्रकन मोजतात,
शंभराला थांबतात. चूक नाही.
मी दारात उभी राहते.
माझ्याकडे बघतात. मग कपाटाकडे.
मोजायचं नाही असं ठरवून येते
आणि मोजते.
चार. चार.

सर म्हणतात, उंदरावरून माणसावर उडी मारू नकोस,
मधे फार मोठी दरी आहे.
बरोबर आहे त्यांचं.
तरी संध्याकाळी सिटी बसमध्ये
मी त्या दरीच्या काठावरच बसलेली असते.

काल पिंपळगावची द्राक्षं नेली.
एकेक देठापासून तोडून त्यांच्या हातावर ठेवत गेले.
पाच खाल्ली.
सहावं मुठीत धरून बसले, बराच वेळ.
मग मूठ पुढे केली
माझ्याकडे. किंवा कपाटाकडे;
मी त्याला टेकूनच बसले होते.

द्राक्ष मऊ पडलं होतं, कोमट.
मी खाल्लं.