पितळी बिल्ला

दर गुरुवारी अकराच्या आधी
विद्यापीठाच्या तळमजल्यावर आम्ही कोट काढून देतो.
खिडकीपलीकडची बाई
तळहातावर एकेक पितळी बिल्ला ठेवते.
आज माझा एकशे चार.
आलोईझीचा दोनशे बारा.

त्याला मी आधीपासून ओळखते,
म्हणजे त्याच्या खोकल्याला.
एकतीस वर्षं औषधाच्या दुकानात
काउंटरच्या या बाजूला मी
आणि त्या बाजूला खोकत अख्खी वस्ती:
काळवंडलेल्या विटा, खिडक्यांच्या लाल चौकटी,
दोरीवर वाळता वाळता मळणारे कपडे.
महिन्याला दोन बाटल्या. झाकण घट्ट लावा.
एवढंच आमचं बोलणं.

आता तो शेजारी बसतो, तिसऱ्या रांगेत,
पेन्सिल छिन्नीसारखी धरून.
दोन बोटं खालीच राहिली, पंच्याऐंशी साली,
म्हणून टिपणं मी काढते, तो चित्रं.
मागे तेओडोर झोपतो.
उर्शुलाबाई हात वर करून प्रश्न विचारतात,
त्यात प्रश्न तेवढा नसतो.
माझी मुलगी फोनवर म्हणाली, या वयात दगडधोंडे?
मी म्हटलं, दगडांचं वय विचारलंस का?

शिकवते किंगा. तिशीही ओलांडली नसेल.
पडदा हिरवा झाला.
इथं, कातोवित्सेच्या या ट्रामच्या रुळांखाली,
तीस कोटी वर्षांपूर्वी दलदल होती, ती म्हणाली.
नेचे, तीन मजले उंच.
फूल अजून पृथ्वीला माहीत नव्हतं,
पक्ष्याचं तर नावच नको.
मग पडले, दबले.

तिनं एक काळी लादी हातोहात फिरवली.
तिच्यावर पान, शीर न् शीर.
आलोईझीनं घेतली ती पुढे दिलीच नाही.
सातशे मीटर खाली, तो म्हणाला,
दिव्याच्या उजेडात छतावर हे दिसायचं.
आम्हाला वाटायचं, आपल्या आधी
कुणीतरी येऊन नक्षी काढून गेलंय.
मुकादम ओरडायचा, बघत काय बसलात, भरा.

किंगा कधी खाण उतरलेली नाही.
वास कसा असतो तिथं? तिनं विचारलं,
आणि स्वतःची वही उघडली.
तो बराच वेळ गप्प.
विझवलेल्या काडीचा, म्हणाला. आणि घोड्यांचा.
घोडे मी लागायच्या आधीच गेले होते,
वास राहिला होता.

मी मनात बाटल्या मोजत होते.
वर्षाला चोवीस, गुणिले किती वर्षं.
धूळ समजून औषध देत राहिले.
लेबलवर नेच्याचं नाव
लिहिणार तरी कुठे?

इथं परीक्षा नसते. हे त्याला पटत नाही.
माझी घ्या, तो किंगाला म्हणतो,
हवं तर नापास करा.

वर्ग सुटला की प्रत्येकाला ट्रामची घाई, सूप गरम करायची घाई.
तो मात्र खिडकीशी उभा राहतो,
शेवटचा बिल्ला खिळ्यावर लागेपर्यंत.
खाणीतली सवय:
उतरताना बिल्ला खिशात, वर आलं की खिळ्यावर.
रिकामा खिळा म्हणजे
कुणीतरी अजून खाली.

गेल्या गुरुवारी एक खिळा रिकामा.
तपकिरी कोट, बाहीत कोंबलेला मफलर.
उद्या नेतील हो, बाई कुलूप शोधत म्हणाली.
उद्या नाही, आलोईझी म्हणाला,
कुणीतरी वर राहिलंय.

आणि निघाला. दोन मजले,
प्रत्येक वळणावर कठड्याला धरून,
त्या छातीनिशी. मी मागे,
त्याचा कोट हातात घेऊन.

अंधाऱ्या वर्गात तेओडोर झोपलेला,
गालावर वहीच्या तारेचा वळ.
आलोईझीनं त्याच्या खांद्यावर तीन बोटं ठेवली.
ऊठ. शिफ्ट सुटली.
तेओडोरनं डोळे किलकिले केले,
म्हणाला, नेचे कुठवर आले?

पडले, मी म्हटलं.
पुढचं पुढच्या गुरुवारी.