पन्हा

मोठ्या सेन्सरचा कॅमेरा हप्त्यांवर घेतला,
लेन्स मात्र ठरेना. तीन महिने झाले.
शेवटी सदरच्या नोएलने दोन भाड्याने दिल्या,
लोकरी मोज्यांत गुंडाळून :
एक तेवीसची, एक बत्तीसची.
"आधी खोली दाखव त्यांना,
मग ठरव," म्हणाला.

खोली गोळीबार चौकामागे.
दहा बाय अकरा, त्यातला आठ फूट माग.
दार आत उघडतं, मागाला अडतं, अर्धंच.
डोमाजी पराते कमरेपर्यंत खड्ड्यात,
पाय पावड्यांवर,
आणि माझी पाठ भिंतीला,
चुन्याचा शिक्का शर्टावर.
"मांगं सरक ना," ते म्हणतात.
मागे म्हणजे हेडाऊंच्या स्वयंपाकघरात.

तेवीस लावली.
सगळं आलं.
माग, धोटा, कुलरची जाळी, सिलिंडर,
नातवाचं दप्तर, बंद घड्याळ, छताचा पत्रा,
माझ्याच स्टँडचा एक पाय.
शंभर मेगापिक्सेल : धागा न् धागा मोजून घ्यावा.
(लेन्स पारखायला ताण्यासारखा दुसरा तक्ता नाही.
दोन हजार रेषा, एकही वाकडी नाही.
तेवीसनेही वाकवली नाही. खोटं कशाला बोलू.)

पण कडेला सगुणाबाई कांड्या भरत होत्या.
त्यांचं कोपर हातभर लांबलं,
डोकं दाराकडे कलंडलं,
जणू कुणी टोकाला धरून
ओलं लुगडं पिळायला घेतलंय.
डोमाजींनी स्क्रीनवर पाहिलं, बराच वेळ.
"माग तं पार कामठीले गेला," म्हणाले,
"अन् हिले काऊन ताणलं बावा? हे का सूत हाय?"

मी सांगू लागलो : सेन्सरची रुंदी, कोन, अंश.
बाहेर पंचेचाळीस अंश,
आत शंभर की ऐंशी याचा घोळ.
ते ऐकत राहिले. मग,
"म्हंजे पन्हा.
पन्हा मागावर ठरते, मनावर नाही."

बत्तीस लावली.
सगुणाबाई सगुणाबाई झाल्या.
मागाचं एक टोक मात्र गेलं,
नेमकं करवती काठाचं.
वीतभर कमी.
मी भिंतीला आणखी चिकटलो. भिंत काही हलली नाही.

मग डोमाजीच वर आले, गुडघ्यावर हात देत,
दाराची फळी बिजागरीतून उचलली,
हेडाऊंच्या ओट्याला टेकवली.
"आता सरक."

स्टँडचे दोन पाय उंबऱ्यावर, एक नालीपलीकडे.
भाजीची गाडी थांबलेली, मागे दोन स्कूटर,
कुणी हॉर्न वाजवला नाही असं नाही.
मी काळं फडकं डोक्यावर घेऊन उन्हात,
आणि आत, काठासकट, अख्खा माग.
सगुणाबाईंनी मान वर केली नाही.
कांडी भरायची राहिली होती.

संध्याकाळी तेवीस परत केली.
"मावलं नाही?" नोएलने विचारलं.
"मावलं," म्हटलं. "सगळं मावलं होतं."
तो काच उजेडात धरून बघत राहिला.
मागच्या बाजूला सुताचा एक तंतू.
फुंकर मारली त्याने.
गेला नाही.