साठ मिलिमीटर

कड बघा, बजरंग म्हणाला. मी बोटाने बघितली.
डोळ्याला दिसतं ते उजेडाच्या मर्जीने.
बोटाला लागली बारीक लाट,
मग सपाट, मग पुन्हा लाट.
सोमवारपासून सात शटर वाया.
बाणेरच्या बाईंचं किचन, वर बाईंचा फोन:
तुमच्याकडे कॉम्प्युटरवर कापतात ना?

कापतात. कॉम्प्युटर बिचारा सांगितलेलं करतो.

बिट बदललं, पुडीतलं कोरं.
लाट तीच.
कोलेट उघडलं, पितळी ब्रशने घासलं,
आतून निघाला जळून गुळासारखा चिकटलेला भुगा.
डायल लावून स्पिंडल हाताने फिरवला,
काटा दोन शतांश हलला,
म्हणजे हललाच नाही.
व्हॅक्यूमचं रबर, गॅन्ट्रीचे बोल्ट,
रॅकचा दात न् दात टूथब्रशने,
बजरंग म्हणाला, माझे एवढे कधी घासले नाहीत.
लाट तीच.

कंपनीचा गुंजाळ फोनवर: मॅडम, फीड कमी करा.
गुंजाळला ताप आला
तर तो तापाचंही फीड कमी करील.
तरी केलं. तीन हजारावरून दीड हजार.
पट्टी लावली आणि उभीच राहिले.
साठ मिलिमीटरला येणारी लाट
आता तिसाला येत होती.

रॅकचा दात असता तर साठालाच बोचला असता.
दाताला अंतर कळतं, वेळ कळत नाही.
ह्याच्याकडे घड्याळ होतं:
मिनिटाला पन्नास.

मिनिटाला पन्नास काय असतं?
झोपलेल्या पैलवानाची नाडी.
पंखा नाही. पंप नाही.
शिवणयंत्र तर केव्हाच पुढे निघून जाईल.

आठवं शटर लावलं पावणेचारला.
तीन बाजू लाटांच्या,
चौथीच्या मध्यावर लाट थांबली
आणि पुढची कड काचेसारखी.
घड्याळात चार वाजून दोन.
बाहेर चहावाल्याची किटली वाजत होती,
अख्ख्या नऱ्ह्याचे हात चहाच्या पेल्याला.

मी चप्पल काढून कोब्यावर तळवा टेकला.
गार. गप्प.
सव्वाचारला तळव्याखाली कुणीतरी
दार ठोठावायला लागलं.

ह्या गाळ्यांची जमीन एकच ओतलेली,
भिंती मागाहून आल्या.
भिंतीपलीकडे अय्याज तांबोळीचा पॉवर प्रेस,
चौदा महिने ताडपत्रीखाली होता.
सोमवारी चालू झाला.
सोमवारीच त्याने पेढे पाठवले होते.
पेढे आम्ही खाल्ले, डबा धुऊन परत दिला,
आणि चार दिवस
मशीनच्या पोटात कारण शोधत बसलो.

शटर घेऊन गेले. भांडायलाच निघाले होते.
अय्याजने प्रेस थांबवला, हात पुसले,
कडेवरून अंगठा फिरवला सावकाश,
जुन्या वहीत आपलंच अक्षर सापडावं तसा.
हे माझं?
तुझंच.
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
पातेल्यासारख्या टोपलीत वॉशर भरत आले होते,
अजून गरम.

पुढल्या गुरुवारी लाइट नव्हती, नसतेच.
सगळी शटरं खाली, रस्त्यावर कुत्री.
आम्ही तिघांनी दोरी ताणली,
खडू मारला,
भिंतीच्या बुडाशी कोब्यात बोटभर चर खोदली.
छिन्नी बजरंगची, हातोडा अय्याजचा,
दोरीचं टोक माझ्या पायाखाली.
दुपारी त्याच्या घरून खिमा-पाव आला,
माझ्याकडून फक्त काकडी.
चरीत ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या,
वर डांबर.

शुक्रवारी प्रेस पन्नासाने चालू होता
आणि कडेवर बोट फिरवलं
तर बोटाला नुसती कड लागली.
वाया गेलेल्या सातांतली चार शटरं
अय्याजच्या ऑफिसात मांडणी झाली,
लाटांची बाजू त्याने मुद्दाम पुढे ठेवली.

संध्याकाळी गुंजाळचा फोन:
काय मॅडम, फीड कमी केलं ना?
केलं, म्हटलं.
बघा, म्हणाला.