सहा जणांची भरती

वागळे इस्टेटमधला पप्पांचा कारखाना
ज्या वर्षी बंद झाला
त्याच वर्षी आमच्या घरी कॉम्प्युटर आला.
म्हणजे पैसे होते. थोडे दिवस होते.

ग्लेन परेराने सात फ्लॉप्या आणल्या.
सहावीला बुरशी होती, ती त्याने स्पिरिटच्या कापसाने पुसली,
आई सिव्हिलला नर्स, त्यामुळे हात तसा हलका.

सहा माणसं निवडायची होती.
ग्लेन म्हणाला, सहाही योद्धे घेऊ,
घुसू, कापू, संपवू.
घेतले.
दुसऱ्याच दालनात विषारी कोळी
आणि विष उतरवणारं कोणी नाही.
उपसलेल्या तलवारींसकट सगळे एकेक करून मेले.

पप्पा मागे पेपर वाचत होते.
पेपर खाली न करताच म्हणाले,
"सगळे फिटरच भरलेत. स्टोअरला कोण?"

ते स्वतः एकवीस वर्षं स्टोअरकीपर.
दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बिन कार्डांचा गठ्ठा काढला,
कारखान्याचा, मागून कोरा,
आणि भरती सुरू केली.
पुढे दोन आडदांड, खंडू आणि रावण्या.
त्यांच्या पाठीशी गुरव, जखमा बांधायला.
एक चोर: "कुलपं सगळीकडेच असतात."
धनुष्यवाली जनाक्का.
आणि शेवटी जादूगार, प्राण चार, मंत्र एक,
तोही दिवसातून एकदाच, मग झोप.
ग्लेन म्हणाला, काका, हा नुसता ओझं आहे.
"ट्रेनी आहे," पप्पा म्हणाले.

महिनाभर आम्ही सराईपासून वीस पावलांवर.
उंदीर. वटवाघळं. पुन्हा उंदीर.
खाली जाणारा जिना समोर दिसत होता
पण सगळे तिसऱ्या पातळीला आल्याशिवाय
पप्पा उतरू देईनात.
खंडूने उंदीर अर्धमेला करायचा आणि बाजूला व्हायचं,
शेवटचा घाव ट्रेनीचा.
ग्लेन कंटाळून खिडकीतून येऊरचा डोंगर बघत बसे.
बाण, मशाली, औषधाच्या बाटल्या,
सगळं कार्डावर: आवक, जावक, शिल्लक.
सोनं वाटायचं नाही. आधी गुरवाला चिलखत.
"जो बाकीच्यांना उठवतो तो पडता कामा नये."
आई स्वयंपाकघरातून म्हणाली,
ऐकू नाही आलं, परत म्हणा.

गणपतीनंतर खंडू नवव्या पातळीला पोचला
आणि देवळातल्या म्हाताऱ्याने विचारलं,
पेशा बदलायचाय का?
अट अशी की तलवार ठेवून द्यायची,
पुन्हा पहिल्या पातळीपासून, मंत्राचं पहिलं अक्षर.
नवं जुन्याच्या वर गेलं
तरच जुनं परत हाताला लागेल.
वेडेपणा, ग्लेन ओरडला, नऊ पातळ्या!
मीही नको म्हणाले.
पप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"तोवर त्याला कोण सांभाळणार?"
बाकीचे पाच, मी म्हणाले.
"मागच्या रांगेत ठेवून?"
मागच्या रांगेत ठेवून.

त्यांनी खंडूचं कार्ड काढलं. नऊ खोडला.
खाली एक लिहिला, तारीख टाकली, सही केली.

सोमवारी नौपाड्यातल्या टॅलीच्या क्लासला
पप्पा पहिल्यांदा गेले. वय एक्कावन्न.
बॅचमध्ये बारावी झालेली पोरं,
सर माझ्या मावसभावाएवढे.
आईने विचारलं, काय झालं आज?
"एक उंदीर," चप्पल काढत म्हणाले,
आणि ग्लेन इतका हसला की त्याला ठसका लागला.

खेळ आमचा संपला नाही.
सहावी फ्लॉपी दिवाळीत गेली, कायमची.
खंडू तेव्हा चौथीवर होता,
तलवार अजून आठवली नव्हती त्याला.

गठ्ठा परवा सापडला, रबर वितळून चिकटलेलं.
रावण्याकडे दोन मशाली आहेत.
जनाक्काकडे अकरा बाण शिल्लक,
खाली पप्पांची सही,
आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात माझी,
वळणदार, नववीतली.