सत्त्याण्णव टक्के

थिओडुल म्हणाला, सहाशे किलो.
त्याहून तोळाभर जास्त नाही.
मी गाईच्या पोटाखालून पट्टा ओढला,
बकल दोनदा तपासलं.
मिर्टा. काळी, झुंजीची गाय,
मागचा पाय खडकांत मोडलेला,
आमच्याकडे बघतही नव्हती.

आकड्यात दोर अडकवून मी मागे सरले,
गवतात गुडघे टेकून ऐकू लागले.
उर्सिनापुढे काटे असतात. मला कान.

ती डाव्या हाताने दांडा वर घेते,
पाती तिरकी होतात, हवेचा मोठा घास घेतात,
आणि घास मोठा की चावणं मंदावतं.
शंभर. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव.
इंजिनाला हे कळायला अर्धा श्वास लागतो,
मग ते इंधन ओढतं, फेरे भरून काढतं.
एरवी हे असंच: सूर जरा बसतो, पुन्हा उठतो,
कुणी जिना चढताना बोलत राहावं तसा.

आज बसलेला सूर उठेना.
दोर ताठ, खूर गवतावर वीतभर,
दुपार तापलेली, इतक्या उंचीवर हवा पातळ,
आणि माझ्या हेल्मेटमध्ये
तिच्या कॉकपिटमधला भोंगा.
वर घे! थिओडुल ओरडत होता, अगं वर घे!

अशा वेळी हात वरच जातो, कुणाचाही.
आणखी मागतो. पाती आणखी मोठा घास घेतात,
आणखी मंदावतात,
आणि पुढचं मी एकदा पाहिलंय,
फ्युर्काच्या अलीकडे, दुसऱ्याच कुणाचं.

उर्सिनाने दांडा खाली केला.
बोटभर.

खूर टेकले. भोंगा गप्प.
इंजिन तेवढंच राबत होतं, पण आता
ओझ्यातून सुटलेलं थोडं काही
फेऱ्यांत परत येत होतं. ऐकू आलं मला.
पुन्हा दांडा वर, या वेळी सावकाश,
शेजारणीकडे दुसऱ्यांदा साखर मागावी तसा,
आणि गाय सुटताच वर नाही, पुढे,
कड्याच्या काठावरून सरळ दरीत,
उतरत, वेग घेत,
वेगाने हवा जराशी टणक होईपर्यंत.

मिर्टा एकदा हंबरली असावी. मान तर हलली.

थिओडुल टोपी हातात घेऊन उभा.
सहाशे? मी विचारलं.
गाभण आहे, तो म्हणाला. सातवा महिना.
मग आधी बोलला का नाहीस?
बोललो असतो तर नेली असतीत?

खाली, लार्चच्या झाडांमागे,
सूर एकसारखा. शंभर.
मी उरलेले पट्टे गुंडाळत राहिले.